स्टेटर खरंच जळालाय का? कव्हर उघडण्याआधी मीटरने तपासायचा क्रम

बाइकची बॅटरी वारंवार उतरते, सेल्फ नीट फिरत नाही, हेडलाइट मंद पडतो. अशा वेळी पहिला आरोप स्टेटरवर येतो. गॅरेजमध्ये त्यालाच मॅग्नेट कॉइल म्हणतात. तो काढायचा म्हणजे इंजिनाचं कव्हर उघडायचं, ऑइल उतरवायचं, पॅकिंग नवं घालायचं. एवढा खटाटोप करून जुना स्टेटर ठणठणीत निघाला, तर खरा दोष जिथल्या तिथेच राहतो: वितळलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), व्होल्टेज आवरणाऱ्या आरआर युनिटमध्ये किंवा खुद्द बॅटरीत.

खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. मधली पायरी गाळू नका, कारण आधीचा निकाल हाताशी नसेल तर पुढच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. बाइक हा मुख्य विषय आहे. कारचा अल्टरनेटर आणि विजेच्या मोटरचा स्टेटर शेवटी घेतले आहेत.

## १. स्टेटर करतो काय

स्टेटर म्हणजे न फिरणारा भाग. सिलिकॉन स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक रचून त्याचा गाभा बनतो आणि गाभ्याच्या दातांवर इनॅमल चढवलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. गाभा भरीव लोखंडाचा का करत नाहीत? कारण बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे भरीव लोखंडात भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि ते तापतं. पत्रे एकमेकांपासून इन्सुलेट केलेले असले की या प्रवाहांची वाट अडते.

मोटरमध्ये स्टेटरला वीज दिली की तो फिरतं चुंबकक्षेत्र तयार करतो आणि रोटर, म्हणजे फिरणारा भाग, त्याच्यामागे ओढला जातो. चार्जिंगमध्ये नेमकं उलट घडतं. चुंबक फिरतो आणि स्टेटरच्या तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच.

बाइकमध्ये फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि ते क्रँकशाफ्टबरोबर फिरतात. बऱ्याच मोठ्या बाइकांचा स्टेटर १८ दातांचा असतो. तारेचे तीन वेगळे गट असतात, त्यांना फेज म्हणतात; प्रत्येक फेजला ६ दात येतात आणि बाहेर एकाच रंगाच्या तीन वायर निघतात, बहुतेकदा तिन्ही पिवळ्या. रोटर १२ पोलचा (चुंबकाच्या १२ टोकांचा) असेल तर एका फेऱ्यात ६ सायकल होतात. म्हणजे ३००० आरपीएमला ३०० हर्ट्झ आणि ५००० आरपीएमला ५०० हर्ट्झ. हा हिशोब लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत तो लागणार आहे.

चुंबक कायमचे असल्यामुळे त्यांचा जोर कमी-जास्त करता येत नाही. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं व्होल्टेज चढणारच. ते आवरण्याचं आणि एसीची डीसी करण्याचं काम रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे आरआर युनिट करतं. त्याचे दोन प्रकार आहेत. शंट प्रकारात नको असलेली वीज शॉर्ट करून स्टेटरमध्येच फिरवली जाते. त्यामुळे स्टेटर जवळजवळ कायम पूर्ण प्रवाहावर चालतो. एलईडी हेडलाइट लावला की स्टेटरला आराम मिळतो, हा समज शंट युनिट असलेल्या बाइकवर चुकीचा आहे. सिरीज प्रकारात गरज नसेल तेव्हा सर्किटच तोडलं जातं, म्हणून स्टेटर कमी तापतो.

## २. काय हाताशी हवं

आधी कागद. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. त्यातलं वायरिंग डायग्राम, स्टेटरचा रेझिस्टन्स, चार्जिंग व्होल्टेज आणि बोल्टचे टॉर्क एवढी चार पानं पुरतात. या लेखातले आकडे साधारण आहेत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरायचा.

तपासणीसाठी लागतं ते असं:

- डिजिटल मल्टिमीटर: एसी व्होल्ट, डीसी व्होल्ट, ओहम आणि डायोड रेंज असलेला
- बारीक टोकाचे प्रोब, किंवा कपलरच्या मागून घालायला पिना
- बॅटरी चार्जर
- कॉन्टॅक्ट क्लीनर, नवे टर्मिनल, क्रिंपिंगचा पक्कड, हीट श्रिंक

स्टेटर काढायची वेळ आलीच तर टी-स्पॅनर, टॉर्क रेंच, नवं पॅकिंग, ऑइल, ट्रे, मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक आणि ग्रोमेटसाठी (वायर कव्हरमधून बाहेर येते तिथल्या रबरासाठी) सीलंट हे वेगळं जमवा. पार्ट मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. त्याच नावाच्या बाइकमध्ये वर्षागणिक कपलर आणि वायरची लांबी बदलते, म्हणून चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा.

## ३. बॅटरी आणि चार्जिंग व्होल्टेज

पुढच्या सगळ्या चाचण्यांना बॅटरी धडधाकट लागते. बाहेरच्या चार्जरने ती पूर्ण भरा, काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली जात असेल तर आधी बॅटरीच बदला. आतला एक सेल शॉर्ट झाला असेल तर उत्तम स्टेटरसुद्धा तिला १४ वर नेऊ शकत नाही. लिथियम बॅटरी असेल तर हे आकडे लागू नाहीत, ती विश्रांतीतही १३ च्या वर दाखवते.

आता इंजिन सुरू करा. मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, डीसी २० व्होल्ट रेंजवर. हेडलाइट चालू ठेवून आयडलिंग, ३००० आणि ५००० आरपीएमला वाचन लिहून घ्या. ३००० च्या पुढे १३.८ ते १४.५ आले तर चार्जिंग चालू आहे. अशा वेळी बॅटरी उतरण्याचं कारण दुसरीकडे शोधा, उदाहरणार्थ चावी बंद असतानाही वीज खाणारा अलार्म किंवा ट्रॅकर.

- आकडा १२.५ च्या आसपास राहतो आणि हळूहळू घसरतो: चार्जिंग होत नाही. चौथ्या पायरीकडे जा.
- १३ च्या थोडा वर येतो, पण लाइट लावताच कोसळतो: एखादी फेज गेलेली असण्याची शक्यता मोठी.
- १५ च्या वर जातो: स्टेटरचा दोष नाही. आरआर युनिट व्होल्टेज आवरत नाही, किंवा त्याची व्होल्टेज ओळखणारी वायर अथवा अर्थ सुटला आहे. इंजिन लगेच बंद करा, नाहीतर बॅटरी उकळेल आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही जाऊ शकेल.
- थंड असताना ठीक, २० मिनिटांनी घसरतो: सहावी पायरी गरम इंजिनवर करा.

फक्त आयडलिंगला लाइट मंद होणं हा दोष मानू नका. कमी आरपीएमवर स्टेटर कमीच देतो. आणि जादा दिवे लावले असतील तर आधी हिशोब मांडा. ३०० वॉटचा स्टेटर चांगल्या आरपीएमला १४ व्होल्टवर साधारण २१ अँपिअर देतो. त्यातले ५५ वॉटचे दोन फॉग लॅम्प जवळपास ८ अँपिअर खातात. उरलेल्यात इंजेक्शन, इग्निशन, हेडलाइट भागवून बॅटरीसाठी काही शिल्लक राहतं का ते बघा. राहत नसेल तर नवा स्टेटर बसवूनही तीच रड राहणार.

सापळा: "इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढ, इंजिन बंद पडलं तर चार्जिंग गेलंय" ही जुनी युक्ती करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

## ४. कपलर: दोष सर्वात जास्त सापडतो तो इथे

इंजिन बंद, चावी बंद. स्टेटरमधून निघालेल्या तीन वायर आरआर युनिटला जोडणारा कपलर शोधा. तो सहसा सीटखाली किंवा साइड कव्हरच्या आत असतो. उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलंय का? एखादी पिन काळी किंवा हिरवट आहे का? त्या वायरचं आवरण कडक झालंय का?

या तीन वायरींतून मोठा प्रवाह जातो. पिन जरा सैल झाली की तिथे रेझिस्टन्स वाढतो, उष्णता होते, उष्णतेने पिन आणखी सैल होते, आणि एक दिवस कपलर वितळतो. मग ती फेज तुटते आणि उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो.

जळालेली पिन घासून परत लावणं फुकट आहे, तिचा स्प्रिंगचा ताण गेलेला असतो. वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत कापा, प्रवाहाला पुरेसे नवे टर्मिनल क्रिंप करा आणि नवा सीलबंद कपलर घाला. काही जण कपलर काढून तिन्ही वायर थेट सोल्डर करतात. चालतं, पण पुढच्या वेळी तपासायला पुन्हा वायर कापावी लागते. वायरी नुसत्या पिळून टेप मारणं मात्र अजिबात नको.

आरआर युनिटकडून बॅटरीकडे जाणारी वायरही तपासा. त्यासाठी कपलर परत जोडा. इंजिन ४००० आरपीएमला, लाइट चालू. मीटरचा एक प्रोब युनिटच्या प्लस आउटपुटवर, दुसरा बॅटरीच्या प्लसवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा कपलरमध्ये वीज अडते आहे. युनिटच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत हेच पुन्हा करा.

## ५. ओहम चाचणी, आणि तिच्यावर किती विसंबायचं

इंजिन बंद करा आणि कपलर परत सुटा करा. मीटर २०० ओहम रेंजवर. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून आकडा बघा. प्रोबच्या वायरचाच ०.२ ते ०.३ ओहम येतो, तो प्रत्येक वाचनातून वजा करायचा. स्टेटरच्या बाजूच्या तीन पिनांना अ, ब, क म्हणा आणि अ-ब, ब-क, क-अ अशा जोड्या मोजा. बहुतेक तीन-फेज स्टेटरमध्ये हा आकडा ०.१ ते १ ओहमच्या दरम्यान असतो आणि तिन्ही जोड्या सारख्या येतात. एखादी जोडी उघडी दाखवत असेल तर वायर तुटली आहे.

मग मीटर सर्वात मोठ्या ओहम रेंजवर घ्या. एक प्रोब पिनवर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर. ओएल दिसलं पाहिजे, म्हणजे जोडणीच नाही. थोडाही रेझिस्टन्स दिसला तर तारेचं इनॅमल जळून वाइंडिंग बॉडीला लागलं आहे आणि स्टेटर बाद. प्रोब धरताना बोटं धातूला लावू नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स दाखवेल.

नवशिक्याला इथे दोन गोष्टी फसवतात. छोट्या इंजिनांच्या काही साध्या स्टेटरमध्ये कॉइलचं एक टोक मुद्दाम बॉडीला जोडलेलं असतं. तिथे अर्थ दाखवणं हा दोष नव्हे, म्हणून आधी डायग्राम बघा. दुसरं म्हणजे, त्याच कव्हरमधून पल्सर कॉइलच्या (इग्निशनला ठिणगीची वेळ सांगणाऱ्या कॉइलच्या) दोन बारीक वायर निघतात. तिचा रेझिस्टन्स शंभर ओहमच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. ती चुकून मोजून "स्टेटर उघडा पडलाय" असा निकाल देऊ नका.

ओहम चाचणीत नापास झालेला स्टेटर नक्की खराब असतो. पास झालेला चांगला असेलच असं नाही. एका दातावरचे चार-पाच वेढे आपसात शॉर्ट झाले तर एकूण रेझिस्टन्स ओहमच्या शतांशांनी घटतो आणि साध्या मीटरला ते दिसतही नाही. पण त्या बंद वेढ्यांत इंजिन चालताना जबर प्रवाह फिरतो आणि शेजारचं इनॅमल भाजत जातं. म्हणूनच पुढची चाचणी टाळायची नाही.

## ६. चालू इंजिनवर एसी व्होल्टेज

कपलर अजूनही सुटा. बॅटरी भरलेली असल्यामुळे इंजिन तिच्यावर चालेल. मीटर एसी २०० व्होल्ट रेंजवर. प्रोब आधी घट्ट बसवा, मग इंजिन सुरू करा. या पिनांवर झटका बसण्याइतकं व्होल्टेज येतं, चालू इंजिनवर हात लावू नका आणि दोन प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका.

आयडलिंग, ३००० आणि ५००० आरपीएमला तिन्ही जोड्या मोजा. अनेक तीन-फेज बाइकांत ५००० ला ५० व्होल्टच्या वर आकडा येतो. आकडा किती मोठा यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एक-दोन व्होल्टचा फरक चालतो. स्वस्त मीटर एसी मोजताना ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे असतात आणि वर काढलेल्या हिशोबाने ५००० आरपीएमला ५०० हर्ट्झ होतात. त्यामुळे तिन्ही जोड्या सारख्याच पण मॅन्युअलपेक्षा कमी दिसल्या तर लगेच स्टेटरवर खापर फोडू नका. ३००० च्या वाचनाशी ताडून बघा.

एक जोडी बरोबर आणि दोन कमी असतील, तर त्या दोन कमी जोड्यांत सामाईक असलेली फेज दोषी. अ-ब ठीक, ब-क आणि क-अ कमी, म्हणजे क. तिन्ही जवळजवळ शून्य असतील तर बहुधा तुम्ही चुकीच्या कपलरवर आहात. तो बरोबर असेल तर फ्लायव्हील तपासा, चुंबक सुटले किंवा तडकले असतील.

या चाचणीतही एक पळवाट आहे. स्टेटर एकाच जागी बॉडीला लागला असेल तर कपलर सुटा असताना प्रवाहाला परतीची वाट नसते आणि तिन्ही वाचनं उत्तम येतात. आरआर युनिट जोडलं की त्याच्या डायोडमधून ती वाट मिळते आणि चार्जिंग बसतं. म्हणून पाचवी आणि सहावी दोन्ही पायऱ्या हव्यात.

तक्रार गरम झाल्यावरची असेल तर कपलर जोडून १५-२० मिनिटं गाडी चालवा आणि लगेच दोन्ही चाचण्या परत करा. थंड असताना पास आणि गरम असताना नापास हा स्टेटरच्या दोषाचा अगदी नेहमीचा नमुना आहे.

## ७. आरआर युनिट

इथपर्यंत सगळं पास आणि चार्जिंग तरी नाही, तर संशय या युनिटवर. ते सुटं करा, मीटर डायोड रेंजवर. लाल प्रोब स्टेटरच्या एका पिनवर, काळा प्लस आउटपुटवर: ०.४ ते ०.७ दिसावं. प्रोब उलटे केले की ओएल. तिन्ही पिनांवर तेच. मग लाल प्रोब युनिटच्या मायनसवर ठेवून काळा तिन्ही पिनांवर फिरवा, पुन्हा ०.४ ते ०.७ हवं. दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला तर तो डायोड शॉर्ट आहे. नवीन मॉसफेट युनिटमध्ये आकडे थोडे वेगळे असू शकतात, तिथे तिन्ही फेज आपसात जुळतात का ते बघा.

शॉर्ट झालेलं युनिट स्टेटरही जाळतं. म्हणून जळालेला स्टेटर बदलताना जुनं युनिट तपासल्याशिवाय जोडू नका.

## ८. काढणं आणि बसवणं

बॅटरीची मायनस वायर काढा. बाइक साइड स्टँडवर डावीकडे कलते आणि स्टेटर बहुधा डाव्या कव्हरमध्ये असतो. त्यामुळे बाइक सरळ उभी करा किंवा ऑइल उतरवूनच घ्या. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा.

कव्हर ओढताना चुंबक ते परत खेचतो. बोटं कडेच्या आत ठेवू नका. सेल्फचा गिअर, त्याचे वॉशर आणि दोन डॉवेल पिना सुटून पडत नाहीत ना, यावर नजर ठेवा.

ऑइलमध्ये चालणारे स्टेटर कसे जळालेत ते नीट पाहा. वरचे दात कोळशासारखे काळे आणि खालचे, ऑइलजवळचे, त्यामानाने उजळ, हा नमुना जास्त तापल्याचा. एकाच दातावर तार खरवडलेली असेल तर रोटर घासतोय किंवा चुंबकाचा तुकडा सुटलाय. तसं असेल तर फ्लायव्हीलही बदलावं लागेल.

नवा बसवताना:

- बसवण्याआधी टेबलावरच पाचव्या पायरीतली ओहम चाचणी करा. नवा पार्टसुद्धा खराब निघतो.
- आतली वायर तिच्या क्लॅम्पखालीच दाबा. क्लॅम्प गाळला तर वायर रोटरला घासून तुटते.
- बोल्टला थ्रेड लॉक लावा आणि मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. कव्हर अॅल्युमिनियमचं आहे, आटे सहज जातात.
- ग्रोमेटला पातळ सीलंट लावा, नाहीतर ऑइल वायरीच्या कडेने झिरपतं.
- कव्हरवर बसवताना हातोडी नको.

ऑइल भरून इंजिन सुरू करा आणि तिसरी पायरी पहिल्यापासून करा. चार्जिंग १४ च्या घरात आल्यावर अर्ध्या तासाने स्टेटरचा कपलर हाताने चाचपून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर पिन सैल आहे.

## ९. कारचा अल्टरनेटर

स्टेटर तसाच, तीन फेजचा, पण रोटरमध्ये कायमचे चुंबक नाहीत. कार्बन ब्रश आणि स्लिप रिंगमधून रोटरच्या कॉइलला वीज मिळते आणि ती कमी-जास्त करून व्होल्टेज आवरलं जातं. त्यामुळे कारमध्ये चार्जिंग गेलं तर स्टेटरच्या आधी बेल्टचा ताण, झिजलेले ब्रश आणि डायोड पाहायचे. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे.

## १०. विजेच्या मोटरचा स्टेटर

मेन स्विच बंद करा, कुलूप लावा आणि टर्मिनलवर मीटरने खात्री करा. सिंगल फेज मोटरमध्ये कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा.

मोटरचं नेमप्लेट वाचा. वेग तिथूनच पडताळता येतो: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल. ५० हर्ट्झवर ४ पोलच्या मोटरचं क्षेत्र १५०० आरपीएमला फिरतं आणि इंडक्शन मोटरचा रोटर थोडा मागे राहून १४४० च्या आसपास चालतो.

तीन-फेज मोटरमध्ये टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या काढा आणि तिन्ही वाइंडिंग वेगवेगळी मोजा. आकडे जवळजवळ सारखे हवेत. सिंगल फेजमध्ये रनिंग वाइंडिंगचा रेझिस्टन्स कमी, स्टार्टिंगचा जास्त असतो, आणि तीन टर्मिनलच्या जोड्यांपैकी सर्वात मोठं वाचन हे उरलेल्या दोन वाचनांच्या बेरजेइतकं येतं. बेरीज जुळली नाही तर दोष वाइंडिंगमध्ये.

बॉडीशी इन्सुलेशन मोजायला मल्टिमीटर पुरत नाही. त्याची बॅटरी काही व्होल्टचीच, त्यावर कमजोर झालेलं इन्सुलेशन उघडं पडत नाही. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर) एक मिनिट लावा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर चालवू नका. ओल असेल तर सुकवून पुन्हा मोजल्यावर बहुतेकदा आकडा चढतो. ड्राइव्ह किंवा इतर इलेक्ट्रॉनिक जोडलेलं असताना मेगर लावायचा नाही, ते जळेल.

जळालेल्या वाइंडिंगच्या खुणा कारण सांगतात. स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) दोन फेज काळ्या आणि एक स्वच्छ, किंवा डेल्टात (टोकाला टोक जोडून त्रिकोण) एकच काळी, तर एक फेज तुटून मोटर दोनांवर चालली होती. फ्यूज आणि कॉन्टॅक्टर तपासा. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर जादा लोड, अडकलेला पंखा किंवा चुकीची ओव्हरलोड सेटिंग. एकाच कॉइलवर डाग असेल तर वेढ्यांचा शॉर्ट. कारण दूर न करता रिवाइंड केलेली मोटर त्याच खुणा घेऊन परत येते.

रिवाइंडनंतर परत जोडताना फिरण्याची दिशा बाणाशी जुळवा. उलटी असेल तर कोणत्याही दोन फेजच्या वायर अदलाबदल करा. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या बाबतीत हे आवर्जून बघा. तो उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, त्यामुळे दिशा चुकल्याचं लवकर लक्षात येत नाही.